शेळी तेवढी चढते

सूस,
१२ नोव्हेंबर २००७

चि. कुशास आक्काचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र माझ्या जयसिंगाची थोरली, तुझी नात स्नेहल, लिहितेय. अक्षर तिचं, शब्द माझे. तुझ्या ताम्हिणीच्या डोंगरात फोनला रेंज न्हाई, आन् कधी लागलाच तर तू अजून यष्टीत कंडक्टर असल्यागत दोन शब्दांत मोकळा होतोस. म्हणून म्हटलं कागदावर धरावं तुला.

हितं फुटबॉलचं मैदान वाढवायला काढलंय. बावीस बाप्ये एका चेंडूमागं पळणार, ते बघायला वीस हजार येणार, आन् त्यांच्या गाड्यांना वाट पायजे म्हणून आमचा रस्ता रुंद करणार. दिवसभर डंपर चालतात. दिवाळीच्या चकल्यांवर इतकी धूळ बसली, की जयसिंग म्हणाला, आई, औंदा तीळ लई घातलेस.

आता खरं सांगते. दसऱ्याला आपल्या दारातला बसचा थांबा उठवला. बस दारावरनंच जाते, पण थांबत न्हाई. थांबते ती पार मैदानाच्या गेटापाशी, दोन किलोमीटर पुढं. तुला ठाऊक हाय, जयसिंगानं स्नेहलला पुण्याला नर्सिंगच्या कोर्साला धाडलं ते एकाच अटीवर, दारात चढायचं आन् दारात उतरायचं. थांबा गेला, अट मोडली. सकाळी अंधारात डंपरांच्या मधनं पोरगी चालत धाडणार न्हाई म्हणाला, आन् रोज दोनदा नेऊन सोडायला त्याच्यामागं गोठा हाय. महिना होत आला, पोरगी घरात हाय. आता कासारसाईचं एक स्थळ आलंय. दोन जानेवारीला पाव्हणे बघायला येणार.

थांबा का उठवला म्हणून इचारशील. देव जाणे बाबा. सरकारचं काय, आज हितं, उद्या तितं.

पोरगी लिहिताना मधीच म्हणाली, चकलीला चार ओळी आन् माझ्या कोर्साला बी चारच. मी म्हटलं, बाई, म्हातारीला दुःख लांबवता येत न्हाई. गुडघे बरे हायेत, जीभ त्याहून बरी हाय. तुझा दमा कसा हाय ते कळव. लोभ हाय तेवढा ऱ्हाऊ दे, आटवू नकोस.

तुझी आक्का,
सारजाबाई (अंगठा)


ताम्हिणी,
२५ नोव्हेंबर २००७

ती. आक्कास कुशाबाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र पोचलं. दमा आहे तसाच आहे, मी त्याला आता बिनतिकिटाचा प्रवासी समजतो, उतरवून काही उतरत नाही.

थांब्याचं वाचून मात्र चैन पडेना. आक्का, देव थांबे उठवत नाही, कागद उठवतो. आमच्यातसुद्धा थांबा बंद करायचा झाला की आधी माणूस जाऊन मोजणी करायचा, किती चढले, किती उतरले. तुझ्या दारात सकाळी चाळीस माणूस उभं असतं. मी येतो तेव्हा ओट्यावर मला पाय सोडायला जागा मिळत नाही. मग हा आकडा कमी कुणी सांगितला? कुणीतरी सांगितलाच असणार. आणि तुला न कळता कुणी मोजून गेला हे मी मानत नाही. तुझ्या दारातून मांजर गेलं तरी तू त्याचं गाव विचारतेस.

तो माणूस शोधा. माहिती चुकीची दिली होती असं त्याच्याकडून लेखी घ्या आणि अर्जाला जोडा. नुसत्या विनंतीला कचेरीत कोण विचारतो? पण चुकीच्या माहितीवर निर्णय झाला म्हटलं की साहेबाला फाइल उघडावी लागते.

स्नेहल, तू हे आजीला वाचून दाखवत असशील. बाळ, पुस्तकं बांधून ठेवू नकोस.

आक्का, पाव्हण्यांची घाई करू नका असं जयसिंगला माझं नाव घेऊन सांग. घरी सर्वांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो मागून कशाला घ्यायचा?

तुझा,
कुशाबा


सूस,
६ डिसेंबर २००७

चि. कुशास आक्काचा आशीर्वाद. वि. वि.

या खेपेला अक्षर वेगळं दिसेल. वरच्या खोलीत किमया म्हणून भाडेकरू पोर आहे, लातूरकडची, हिंजवडीला कॉम्प्युटरच्या ऑफिसात जाते. तिला तिच्या आईची शपथ घातली आहे. माझं ‘न्हाई’ ती ‘नाही’ करून लिहिते. राहू दे. पापाला शुद्ध भाषा बरी.

तो आकडा मी सांगितला, कुशा.

भाद्रपदातलं ऊन होतं. लिहायच्या पाटीला कागद लावून एक माणूस आला. त्याला दोन दिवस बसून माणसं मोजायची होती, पण अर्ध्या तासात त्याचं डोकं दुखायला लागलं. मी चहा दिला. चहा पिता पिता त्यानं विचारलं, आजी, इथं रोज किती माणसं चढतात. त्याच सकाळी मी ओटा सारवला होता आणि बसची वाट बघणाऱ्या कुणीतरी त्यावर तंबाखूची पिंक टाकली होती. राग नाकावर होता. मी म्हटलं, इथं माणूस कुठला, माझी शेळी तेवढी चढते, ती पण तिकीट काढत नाही. तो इतका हसला की चहा सांडला. मला वाटलं, हसला म्हणजे समजला.

मग त्यानं काहीतरी लिहिलं आणि माहिती देणाराचा अंगठा म्हणून कागद पुढे केला. खोटं कशाला सांगू, मला मान वाटला. लग्न ठरलं तेव्हा मला कुणी विचारलं नाही. वाटण्या झाल्या तेव्हा अंगठा घेतला, म्हणणं घेतलं नाही. सत्तर वर्षांत माझ्या तोंडचं पहिल्यांदा कुणी लिहून घेत होतं. मी ऐटीत अंगठा दिला. बोलून हसलं की वारा ते घेऊन जातो, एवढंच मला ठाऊक. कागदाला हसू कळत नाही, हे अडाणी बाईला कोण सांगणार?

पुढे थांब्याची पाटी उपटायला माणसं आली, त्यांना मी झापलं. त्यांनी कागद वाचून दाखवला. ‘येथे प्रवासी नाहीत. स्थानिक रहिवाशाकडून खात्री केली.’ माझी शेळीसुद्धा त्यात नव्हती.

तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. आता स्नेहल भाकरी थापताना त्या सांगणाऱ्याला रोज शिव्या देते. म्हणते, कोण असेल त्याला आयुष्यात बस मिळू नये. आणि मी चुलीपाशी बसून व्हय व्हय म्हणते. (हे ‘व्हय’ मी किमयाला खोडू दिलं नाही.)

अजून एक आहे, त्याला जीभ अडते. पोरगी घरात राहिली तेव्हा पहिले आठ दिवस मला बरं वाटलं. दुपारी चहा हातात मिळायचा, बोलायला माणूस होतं. नवव्या दिवशी तिला पुस्तकांना जुनी साडी गुंडाळताना पाहिलं, तेव्हा हातातला तो चहा मी मोरीत ओतला.

उत्तर किमयाच्या नावावर धाड. माझ्या नावानं आलं की पत्र स्नेहलच वाचणार. लोभ करण्यासारखी मी राहिले का, ते आता तूच ठरव.

आक्का (अंगठा)


ताम्हिणी,
१७ डिसेंबर २००७

कु. किमया यांस कुशाबाचा नमस्कार. वि. वि.

पुढचं माझ्या बहिणीला वाचून दाखवावं, एवढी तसदी द्यावी.

आक्का, पत्र वाचून आधी हसलो. शेळीचं वाचून हसणार नाही असा माणूस मावळात निपजायचा आहे. मग पत्र दुमडून ठेवलं आणि जेवलो नाही.

तू मला सांगितलंस, बरं केलंस. पण माझं काय नुकसान झालंय? मला सांगून तुझ्या जिवाला थंडावा, पोरीला काय? ही कबुली म्हणजे भलत्याच गाडीचं तिकीट आहे. पैसे गेले, कागद हातात आहे, आणि जायचं त्या गावाला काही ते नेणार नाही.

अर्ज लिहून सोबत जोडला आहे. सगळं लिहिलं आहे, फक्त ‘चुकीची माहिती देणाराचे नाव’ यापुढे जागा कोरी सोडली आहे. तिथं मी तुझं नाव लिहू शकलो असतो, हात उचलला नाही. किमयाताईंनीही लिहू नये. ती जागा स्नेहलनं भरायची, तू सांगून. पाव्हणे यायच्या आत.

तू लहानपणी मला पाठीवर घेऊन ओढा ओलांडायचीस, तेव्हा घाबरत नव्हतीस. लोभाचं विचारलंस म्हणून रागावलो आहे.

तुझा,
कुशाबा


सूस,
२८ डिसेंबर २००७

चि. कुशास आशीर्वाद. वि. वि.

लिहिणारी स्नेहल हाय. तिला मी सांगितलंय, आज मधी बोलायचं न्हाई, जे सांगंन ते लिहायचं.

लिही पोरी. थांबा उठवणारा माणूस सापडला. तो तुझ्या घरात हाय. त्याला तू रोज भाकरी वाढतेस. मोजणारा आला तेव्हा हितं माझी शेळी तेवढी चढते असं मी म्हटलं, आन् खाली अंगठा दिला.

हितं पोरीनं पेन खाली ठेवलं. ते बी लिही, म्हटलं मी. ती उठून गोठ्यात गेली.

पेन ठेवल्यापासनंच्या ओळी दुसऱ्या दिवसाच्या हायेत. सकाळी तिनं आपण होऊन कागद घेतला आन् समोर बसली. डोळे सुजलेले. तिनं मला एकच इचारलं. ते बोलताना, आजी, मी बी तितंच चढते, हे तुला आठवलं न्हाई का. कुशा, आठवलं होतं पण थट्टा केली असं सांगितलं असतं तर बरं झालं असतं का रे? मी खरं सांगितलं. न्हाई आठवलं. चाळीस माणसांत मला ती दिसलीच न्हाई. पिंक दिसली. हे तिला शेळीपेक्षा जास्ती लागलं.

मग ते आठ दिवसांचं बी सांगितलं. ते तिनं नुसतं लिहून घेतलं.

तुझ्या अर्जातली कोरी जागा तिनं भरली. सारजाबाई असं माझं नाव कागदावर कसं दिसतं, ते मी तिला बोट ठेवून दाखवायला लावलं.

जयसिंगाला सांगताना सूनबाई समोर होती. आईला काय बोलणार तो? चपला घातल्या आन् कासारसाईला पाव्हण्यांना थांबा म्हणायला गेला. पण जाताना म्हणाला, होळीपतुर बस थांबली तर कोर्स, न्हाईतर पुन्हा स्थळ.

सध्या घरात माझ्याशी शेळीच बोलते. तू तरी बोलत ऱ्हा.

आक्का (अंगठा)


सूस,
४ मार्च २००८

चि. कुशास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू धाडलेला अर्ज घेऊन मी आन् स्नेहल कचेरीत गेलो. साहेबानं वाचला, शेळीपाशी आला आन् हसायला लागला. बाकीचे बी हसले. माझ्या बोलण्याला इतकी माणसं एकदम कधी हसली नव्हती, आन् मला मेल्याहून मेल्यागत झालं. मी साहेबाला म्हटलं, मागच्या वेळी बी एक असाच हसला होता, तुमी हसून झाल्यावर लिहा. तेव्हा तो गप झाला. म्हणाला, आठवडाभराची मोजणी द्या, आमचा माणूस येऊन ताडून बघंल.

मी सात दिवस पहाटेपासनं ओट्यावर बसले. चालत गेटाकडं जाणाऱ्या दर माणसामागं एक चिंचोका डब्यात टाकायचा. संध्याकाळी स्नेहल ते मोजून वहीत लिहायची, माझ्याकडं न बघता. कुणी पिरंगुटच्या कंपनीतलं, कुणी भांडीवाल्या बाया, कुणी शाळेचं. एक बाई पोटुशी होती, रोज मैलाच्या दगडावर टेकून पुढं जायची. इतके महिने ती माझ्या दारावरनं चालत होती. बेचाळीसच्या खाली एक बी दिवस गेला न्हाई. पिंक टाकणारा बी त्यात होता, त्याचा बी चिंचोका टाकला.

काल सोमवारपासनं बस थांबायला लागली. तीन महिने बघणार, मग कायम. जयसिंगानं शब्द पाळला. स्नेहल पहिल्याच बसनं कोर्साच्या बाईंना भेटून आली. हजेरी बुडाली म्हणून हे वरीस गेलं. जूनमधी तेच वरीस पुन्हा, मागून आलेल्या पोरींबरोबर. थांबा मी परत आणला कुशा, वरीस कुटनं आणू?

पोरीनं माफ केलं का म्हणून तू इचारशीलच. मी बी आत्ताच इचारलं, हे पत्र सांगता सांगता. ती म्हणाली, अजून न्हाई. मी म्हटलं, मग तसंच लिही, म्हातारीला बरं वाटावं म्हणून बदलू नकोस.

तिनं लिहिलं. अजून न्हाई.

दम्याला जप. आमच्यावर हाय तो लोभ दोघींत वाटून दे, तिला जास्ती.

तुझी आक्का,
सारजाबाई (अंगठा)