कमान वर आहे ना?

१४ मार्च, गुरुवार
दुपारचे अडीच

प्रिय दादा,

मी बरी, आई बरी, बाबांची कुरकुर जोरात, म्हणजे तेही बरेच. तू वेळेवर जेवतोस ना? झालं, रीतीचं सगळं विचारून झालं. आता कुठेतरी बस, नाहीतर भिंतीला तरी टेक.

मी आज वरच्या उतारावर ट्रॅक्टर चालवला!

एकटीनं! आपल्याच टेकाडावर, जिथून आपण पत्र्यावर बसून घसरायचो आणि आई खालून ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायची. सरळ वर, सरळ खाली, तीन खेपा. हातांत अजून स्टिअरिंगच आहे असं वाटतंय, म्हणून अक्षर असं कोंबडी नाचून गेल्यासारखं आलंय. चालवून घे.

तुला कळवलं नव्हतं, पण गेले सहा शनिवार मी उतारावर ट्रॅक्टर चालवायच्या वर्गाला जातेय. शिकवायला एक बाई आहेत, साठीच्या, आवाज असा की बंद पडलेलं इंजिन घाबरून सुरू व्हावं. वर्गात अकरा बाप्ये आणि मी. पहिल्याच दिवशी एक जाडा माणूस म्हणाला, "ताई, स्वयंपाकाचा वर्ग पलीकडे आहे." बाईंनी त्यालाच सगळ्यांत आधी चढावर पाठवलं. पठ्ठ्या अर्ध्यात गिअर बदलायला गेला, क्लच दाबला, आणि ट्रॅक्टर निघाला की मागे! बाई ओरडल्या, "ब्रेक!" त्यानं दाबला, पण खाली उतरला तेव्हा चेहरा पांढराफटक. आता तोच दर शनिवारी माझी वही मागतो.

बाईंचं म्हणणं, उतार आधी पायांनी चालायचा आणि मग चाकांनी. म्हणून मी सकाळी काठी घेऊन अख्खा उतार टोचत टोचत चालले. मधोमध घुशीचं एवढं मोठं बीळ निघालं, गवतात झाकलेलं! चाक त्यात गेलं असतं तर संपलंच होतं. तिथे पांढरं फडकं बांधून काठी रोवली. मग डावा-उजवा दोन्ही ब्रेक एकत्र अडकवले, म्हणजे एकच चाक धरून ट्रॅक्टर फिरायला नको. वर जाऊन उतरायच्या आधीच खालचा गिअर टाकला आणि मग क्लचवरचा पाय काढला तो काढलाच. इंजिन गुरगुरत होतं, पण धरून ठेवत होतं. बाई म्हणतात तेच खरं. उतारावर आपण घाई करायची नाही, ट्रॅक्टरला आधीच आपल्यापेक्षा जास्त घाई असते.

बाबा खाली खुर्ची टाकून बसले होते. मी ट्रॅक्टरवर चढले तेव्हा त्यांनी तिथूनच हाक मारली, "कमान वर आहे ना?"

"वर आहे! खिळी घातलीय! पट्टाही लावलाय!" मी ओरडले.

तिसऱ्या खेपेनंतर खाली आले आणि अशी किंचाळले म्हणून सांगू! शेजारची शिवणवाली मशीन टाकून धावत आली. बिचारीला वाटलं, पुन्हा तसलं काहीतरी झालं.

पुन्हा. बघ, लिहून गेले. दोन पानं झाली, नुसती इकडचं तिकडचं सांगतेय. मध्ये उठून चहासुद्धा करून आले, नको असताना.

दादा, पहिल्या शनिवारी बाईंनी एकेकाला तोच प्रश्न विचारला, सीटमागची, ट्रॅक्टर उलटला तर चालवणाऱ्याला वाचवणारी लोखंडी कमान दाखवून. "कमान वर आहे ना?" सगळे हो म्हणाले. माझी पाळी आली आणि मी दोन पावलं मागे सरले. बाईंना वाटलं, मी घाबरले. त्यांनी पाणी दिलं.

चार वर्षांपूर्वी ती कमान तू दुमडून खाली पाडली नव्हतीस. मी पाडली होती.

त्या सकाळी तू नेहमीसारखा ट्रॅक्टर शेडबाहेर काढलास, कमान वर करून अंगणात उभा केलास आणि बाजारात गेलास. बाबा आत चहा घेत होते. मला हात लावायची परवानगी नव्हती, तुला माहीतच आहे. मला फक्त एकदा, तुझ्यासारखा, एका झटक्यात शेडमध्ये घालून बघायचा होता. दार ठेंगणं, म्हणून तू पाडायचास तशी कमान पाडली, आत घातला, परत बाहेर आणला, होता तिथे उभा केला. इतक्यात बाबांचा खोकला ऐकू आला आणि मी धूम ठोकली. कमान तशीच राहिली, खाली. पुढचं तुला ठाऊक आहे, बाबा तसाच ट्रॅक्टर उतारावर घेऊन गेले आणि तो उलटला. मिस्त्री म्हणाला होता, कमान वर असती आणि पट्टा लावला असता तर ट्रॅक्टर एका अंगावर पडून थांबला असता, उताणा झाला नसता, बाबांचा पायही वाचला असता.

तू एकदाच म्हणालास, "मी वर केली होती." बाबा म्हणाले, "मग काय भुतानं पाडली?" आणि तू गप्प झालास. मला वाटतं, नंतर नंतर तुझाही स्वतःवरचा विश्वास उडाला.

दादा, ते भूत मी. तू बॅग भरत होतास तेव्हा मी दारात उभी राहून रडत होते आणि तू माझीच समजूत घालत होतास. मी तेव्हा अठरा वर्षांची होते, घाबरले होते, हे फार तर पहिल्या आठवड्याचं कारण. उरलेल्या चार वर्षांना काही कारण नाही. मला माझीच लाज वाटते.

गेल्या रविवारी मी बाबांना सगळं सांगितलं. वाटलं, आता काठी फेकून मारणार. त्यांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली. मग विचारलं, "तुझ्या वर्गात काय शिकवतात? चढायच्या आधी मागे वळून बघायचं काम कुणाचं?"

"चालवणाऱ्याचं," मी म्हटलं.

"मग त्या दिवशी चालवत कोण होतं?"

ते म्हणाले, "मी पोराच्या भरवशावर बसलो, आणि वर त्यालाच घराबाहेर काढलं." मग काठी घेतली आणि तडक गवंड्याकडे गेले.

सोमवारपासून शेडचं दार उंच करायला फोडलंय. बाबांनी कमान वर असलेला ट्रॅक्टर उभा करून माप घ्यायला लावलं. आता कमान पाडायची गरजच नाही. गवंडी म्हणतो, "एवढं उंच कशाला, हत्ती बांधायचाय का?" बाबा त्याच्यावरच खेकसले.

तुला पत्र लिहायला ते काही बसायचे नाहीत, त्यांना ओळखतोस ना. पण काल हातात टेप घेऊन माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "त्याची उंची किती गं?"

मी म्हटलं, "ट्रॅक्टरचं माप झालं ना?"

"ट्रॅक्टरचं नाही. त्या जुन्या दारात त्याला मान खाली घालावी लागायची."

रागाव, शिव्या दे, माझं तोंड बघू नकोस. पण हे सगळं इथे येऊन कर. शनिवारी चौकट बसतेय.

मान ताठ ठेवून ये, दादा.

तुझी,
चार वर्षं लपून बसलेलं भूत,
भिंगरी