दुसऱ्या कळपातली नात

बा, तुला फुटबॉल म्हणजे काय ते ठाऊक नाय, म्हणून आधी तेवढं सांगते. बावीस पोरी एका चेंडूमागं पळतात, अन् जवळ आला तरी त्याला हात लावत नाहीत. तू म्हणाला असतास, एवढ्या पळण्यात मेंढरं चरून आली असती. त्यातली एक माझी नात. मी बोलते अन् सून मोबाइलवर लिहिते. मला अजून अक्षर येत नाय, तुलाही येत नव्हतं, अन् तू जाऊनही वर्षं झाली, तेव्हा हे कुठं पाठवायचा प्रश्नच नाय.

चितेगावच्या आपल्या वस्तीच्या संघात ती पुढं खेळायची. कंपनीतून सुटलेली माणसं घरी न जाता तिचा खेळ बघायला यायची. मी रेषेजवळ पोतं टाकून बसायचे अन् तुझी मेंढरं वळवायची हाक मारायचे. हाक ऐकली की पोरगी थांबून माझ्याकडं वळायची, अन् मग अशी उधळायची! मग शहरातल्या पैसेवाल्या क्लबनं तिला नेलं. राहायला खोली, रोज अंडी, दुखऱ्या गुडघ्याला डॉक्टर. त्यांचा अन् आपल्या संघाचा उभा दावा. मला वाटलं, वस्ती भांडेल. तर संघाला शिकवणारे चाचा जिलबी घेऊन दारात. "अम्मा, पोट्टी का भला होरा. अपन कायकू रडना?" मी म्हटलं, "रडतंय कोण? जिलबी गार आहे, म्हणून तोंड वाकडं झालं." सगळे हसले. पुढच्या सामन्यात तिच्या जागी दुसरी पोरगी उभी राहिली, अन् लोकांनी तिलाही तेवढ्याच जोरानं आरोळ्या दिल्या. तेव्हा मला पहिल्यांदा भ्या वाटलं. नातीला चार शिव्या दिल्या असत्या तर वाटलं असतं, पोरगी अजून आपली आहे.

तुझा तो काळा एडका आठवतो? फुलंब्रीकडच्या माणसाला विकलास तो. पुढं एकदा पाण्यावर दोन्ही कळप आले. मी लहान, त्याला बघून हाक मारायला तोंड उघडलं, अन् तू हातानं दाबून धरलंस. हाताला लोकरीचा वास. "दुसऱ्या कळपात गेलेल्याला आपली हाक द्यायची नाय. ते मधीच थांबतं. मधी थांबलेलं लांडग्याला सापडतं." केवढा रागावला होतास.

परवा दोन्ही संघ समोरासमोर आले. मी पदराचा बोळा तोंडात धरून बसले. शेजारीण म्हणते, "दात दुखतोय का, आजी?" "दात राहिलेत कुठं दुखायला!" म्हटलं, अन् बोळा परत तोंडात धरला. आपल्या संघाची मागं खेळणारी पोरगी, अंगानं दांडगी, बाजूनं धावून येतेय. नातीची नजर चेंडूवर, तिला ती दिसतच नाय. अन् माझ्या तोंडून हाक सुटली. सुटल्याबरोबर कळलं, आता ही थांबणार, वळणार, अन् धडक नेमकी त्याच गुडघ्यावर बसणार. मी डोळे मिटले. धडक नाय, ओरडा ऐकू आला. तिनं वळून बघितलंच नव्हतं. गोल केला, आपल्यावर. आधी चाचांनी टाळी वाजवली, मग सगळ्या वस्तीनं. पाय शाबूत बघून जीव भांड्यात पडला, अन् लगेच दुसरं भ्या आत शिरलं. हिला माझी हाक ओळखू येईनाशी झाली की काय?

काल तिचा फोन आला. जेवलीस का, गोळी घेतलीस का, सगळं विचारून झालं, मग आवाज बारीक करून म्हणते, "आजी, हाक तूच मारलीस ना? पाय आपोआप थांबत होते गं. लई जोर लावून पळाले. पुढच्या वेळी पण मार. बरं वाटतं."

बा, तू तोंडावर दाबलेला हात आठवला. पुढच्या वेळी तेवढा जोर नाय लागला तर?

म्हटलं, "मी कशाला मारू? कुणाच्या तरी शेळ्या सुटल्या होत्या तिथं."

ती "बरं" म्हणाली. लई हळू म्हणाली.

तेव्हापासून मला घास जात नाय. सुनेला सांगितलं होतं, पोट बिघडलंय. आता लिहिता लिहिता तिलाही कळलं.