दाजींची आइस्क्रीमची गाडी आणि रस्त्यावरची हवा

तीर्थस्वरूप दाजींस,

मेव्हण्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार (एक मोकळा ठेवला, तर तो कुठे जाईल याचा आज भरवसा नाही). तुमचा घसा कसा आहे? काल दुकानदारांच्या सभेत एवढे ओरडलात, म्हणून विचारलं. ताईला विचारत नाही, बोलायला लागली की तिला खोकल्याची उबळ येते.

दाजी, तुमच्या दुकानापुढचा रस्ता प्रयोग म्हणून गाड्यांना बंद केला तो तिच्यासारख्यांसाठीच. हवा सुधारली तर कायमचा बंद, नाहीतर पुन्हा खुला. उद्या समिती ठरवणार. आणि हवा मोजायचं यंत्र सांभाळतो कोण, तर मी! रस्त्यावर कबुतरंसुद्धा मधोमध चालतायत, पण दुपार झाली की यंत्र बोंबलतं, धूर वाढला! साहेब माझ्याकडे असे बघतात, जसा काही तो मीच सोडतोय. जाळी धुतली, नळी बदलली (बायकोचा पावडरचा ब्रश त्यात कामी आला, तिला बोलू नका), काही फरक नाही. शेवटी आज भर दुपारी शिडी लावून यंत्राशेजारी जाऊन बसलो. खाली बघतो तर काय, तुमची आइस्क्रीमची गाडी! पुढचा रस्ता बंद म्हणून मागच्या गल्लीत आणलेली, माल वितळू नये म्हणून इंजिन चालू, आणि धुराचा पाइप थेट यंत्राच्या नाकाखाली. यंत्र तुमच्या दुकानामागे का, तर विजेची जोडणी तुम्ही दिलीत, तीही फुकट. तेव्हा मी ऑफिसभर सांगत सुटलो होतो, दाजी असावेत तर असे! आता तेच आकडे सभेत नाचवून तुम्ही विचारता, रस्ता बंद करून काय दिवे लावले?

दाजी, माझं डोकं फिरलंय. साहेबांना सांगावं, तर नातेवाइकाच्या दुकानामागे यंत्र लावलं म्हणून नोकरीवर गदा. गप्प बसावं, तर ताईच्या खिडकीखाली पुन्हा गाड्यांची रांग. जावयाला उलटून बोलायचं नाही, असं आईने बजावलंय, म्हणून लिहितोय.

आपला,
अजून तरी मेव्हणाच

ता. क. : आधी ते इंजिन बंद करा. माल विजेवर ठेवा, जोडणी तुमचीच आहे.

दुसरा ता. क. : नुसतं तेवढ्यावर भागणार नाही. उद्या समितीपुढे उठून खरं काय ते सांगा. नाहीतर मी सांगेन, नोकरी गेली खड्ड्यात.

तिसरा ता. क. : पाकीट चिकटवतोय तोच ताई बॅग घेऊन दारात. दुपारी मला शिडीवर बघून तिने सगळं ओळखलं होतं. आइस्क्रीमच्या गाडीची चावी तिच्या मुठीत. तुम्ही समितीपुढे बोललात तरच घरी येईन, म्हणाली. पुढे बोलता येईना, दम लागला होता. तेव्हा माझ्या धमकीचं मनावर घेऊ नका. आता गाठ तिच्याशी आहे.