आधी पास्कूचं नाव

प्रिय माय,

तुला अक्षर वाचता यायचं नाही, आणि आता तर तू देवळामागच्या मातीत आहेस. तरी लिहितेय. आंतोन आणि इनास, तुझा लेक आणि तुझा नातू, परवा पहाटे होडी घेऊन गेले ते अजून आले नाहीत. काल दुपारपासून वारा सुटलाय. तेर्साच्या प्रार्थनेची माळ हातात घेतली की दुसऱ्याच मण्यावर जीभ अडखळते. शेवटी इनासची शाळेची जुनी वही ओढली. तुझ्याशी बोलल्याशिवाय आज माझा निभाव लागणार नाही!

लग्न होऊन कोरलईत आले तेव्हा मला तू अर्धी वेडीच वाटायचीस. मासळी साफ करून झाली की हातही न धुता मागच्या पायरीवर बसायचीस. डोळे उघडे, तोंड बंद. मी विचारलं, "माय, हे काय गो?" तर म्हणालीस, "प्रार्थना."

"मग शब्द कुठं हायेत?"

"सगळं आपणच बोलायचं, तर त्याला बोलू कधी द्यायचं? आणि ओरडतेस कशाला? देव काय बहिरा हाय?"

फादर आधी हसायचे तुला. पुढं तेच कधीमधी त्या पायरीशी येऊन गप्प बसायला लागले.

तुझं ते गप्प बसणं मी चालवून घेतलं. एक गोष्ट मात्र नाही चालली. आठवतं? स्वराज्य आलं त्याच्या दुसऱ्या वर्षी असाच वारा सुटला होता. इनास माझ्या पोटात होता. आंतोन समुद्रात, आणि शेजारचा पास्कूही समुद्रात. आपल्या जाळ्याच्या जागेवर स्वतःचा खुंट ठोकणारा पास्कू! त्या खुंटापायी दोन घरांत बोलणं बंद होतं. तू गुडघे टेकलेस आणि पहिलं नाव घेतलंस ते त्याचं.

मी किंचाळलेच. "तुझा लेक तिकडं मरतोय आणि तुला तो चोर आठवतो?"

तू वळलीसुद्धा नाहीस. एवढंच म्हणालीस, "लुसी, जे नाव घशात अडकतं ते आधी काढायचं. त्याच्यामागं बाकीची सगळी तुंबतात."

दोघंही सुखरूप आले. पण माझ्या मनातली अढी काही गेली नाही. इतकी वर्षं एका ताटात जेवलो, शेवटच्या दुखण्यात तुझं सगळं मी माझ्या हातानं केलं, तरी त्या एका गोष्टीवर मी तुला माफ केलं नव्हतं. तुला कळत होतं ना? मग एकदा तरी कान धरून समजवायचं होतंस मला! गेल्या साली तू गेलीस आणि सगळं बोलायचं राहूनच गेलं.

आजही पास्कूची होडी बाहेर आहे. कुंपणापलीकडे त्याची बायको रोझा सकाळपासून उंबऱ्यावर बसलीय. तिची चूल पेटलेली नाही. मी तिच्यासमोरून तीनदा पाणी आणलं आणि तीनदा मान वळवली.

माय! आत्ता पुळणीवरून हाक आली. किल्ल्याच्या टोकापलीकडे शीड दिसतंय. एकच! कुणाचं ते इतक्या लांबून कळत नाही म्हणे.

माझ्या तोंडून काय निघालं सांगू? "देवा, आमचंच असू दे." आणि नजर रोझाकडे गेली. तिचेही ओठ हलत होते. तीही तेच म्हणत असणार, दुसरं काय म्हणणार बिचारी? म्हणजे मी हात जोडून तिचा नवरा बुडवत होते, आणि ती माझा इनास. माय गो! भांडणात मी लोकांना शिव्याशाप दिलेत, पण देवापुढं बसून कधी दिले नव्हते.

ते शीड ज्याचं आहे त्याचंच आहे. माझ्या ओरडण्यानं ते बदलणार आहे का? तू त्या पायरीवर गप्प का बसायचीस ते आज थोडं कळतंय. फार उशिरा कळतंय, आणि मला फार भीती वाटतेय.

आता वही मिटते. तुला वचन देते, माय: कुंपण ओलांडून रोझाकडे जाईन, तिचा हात धरून पुळणीवर उतरेन, आणि होडी वाळूला लागेपर्यंत तो हात सोडणार नाही. होडीतून कुणीही उतरो. उतरल्यावरही सोडणार नाही. वाटेत नावं घेईन, तिला ऐकू जातील अशी मोठ्यानं.

आधी पास्कूचं.

तुझी भांडकुदळ सून,
लुसी