एकोणीस नंबरचा वाण

१४ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

नमस्कार. गुडघे काय म्हणतात? औषध रोज घेतेस ना, की जरा बरं वाटलं की बाटली कोपऱ्यात? मी मजेत आहे. उन्हातान्हात फिरून काळवंडलेय, पण भूक सपाटून लागते.

संशोधन केंद्रात दोन हंगाम आम्ही सोयाबीनचे अठ्ठेचाळीस वाण शेजारी शेजारी लावले. फूल कितव्या दिवशी आलं, झाडाला शेंगा किती, शंभर दाण्यांचं वजन किती, सगळं टिपलं आणि सारख्या स्वभावाचे वाण एकेका गटात घातले. नवा वाण घडवायचा तर आईबाप लांबच्या गटांतले घेतात. जवळच्यांच्या संकरातून नवं फारसं हाती लागत नाही. सत्तेचाळीस वाण पाच गटांत गुण्यागोविंदाने बसले. एकोणीस नंबर मात्र कुणाशीच जमवून घेईना. त्याच्या वाळलेल्या शेंगा महिनाभर झाडावर राहिल्या तरी तडकून दाणे सांडले नाहीत. साहेब हरखून गेले आणि हा वाण आला कुठून, म्हणून विचारू लागले. वहीत माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, मूळ माहीत नाही.

आत्या, किती आढेवेढे घेऊ? ते बी तुझं आहे. फडताळातल्या पत्र्याच्या डब्यातलं. मी मागितलं तेव्हा तू घरचं बी घराबाहेर जात नाही म्हणालीस, आणि मी निघताना डबाच पिशवीत घातला. वहिनीने बियाणं रांधून टाकलं असं तू धरून बसलीस. दोन वर्षं तू सुनेशी कामापुरतंच बोलतेस, आणि मी मूग गिळून गप्प. मला माझीच फार लाज वाटते.

साहेबांना खरं सांगितलं. त्यांनी चांगलंच फैलावर घेतलं, ते योग्यच. तुझी संमतीची सही असेल तरच हा वाण संकरासाठी घेता येईल, नाहीतर यादीतून काढतील. कागद सोबत आहे. डबाभर बीही पाठवलंय. तू सही नाही केलीस तरी ते तुझंच.

काल वहिनीला फोन करून माफी मागितली. ती म्हणाली, "डबा नेताना मी पाहिलं होतं तुला."

मग बोलली का नाहीस, असं मी विचारलं.

"वाटलं, आईंचा राग माझ्यावर चार दिवस राहील. तुझं तर येणंच बंद झालं असतं."

सही करायची की नाही, ते तू ठरव. पण हे पत्र मिटलंस की आधी तिला हाक मार. राग सगळा माझ्यासाठी राखून ठेव, मी येऊन घेईन.

चोरटी, तरी तुझीच,
भाची