पाहुण्यांनी वळलेली पिची

मिलानो, ३ जून १९९७

ती. आईस, सा. न. वि. वि.

ईस्टरला डॉक्टरांनी तुझी बोटं बघून सांगितलं की आता कणीक मळणं नाही, वळणं नाही. तू शहाण्यासारखी मान डोलावलीस. मी इथे तुझ्यासाठी खोली रंगवून घेतली, तुझ्या सुनेने, मिरेल्लाने, हौसेने पडदे शिवले. आणि आता कानावर येतं की आपलं घर पैसे देऊन उतरणाऱ्या पाहुण्यांनी भरलंय आणि रोज ताटात पिची! त्या जाड शेवया एकेक करून हाताने वळाव्या लागतात, हे तुझ्या मुलाला ठाऊक आहे. मग वळतं कोण?

आमचे साहेब, कास्तेल्ली, सुट्टीत आपल्याकडची डोंगरगावं बघायला सपत्नीक निघालेत. त्यांना तुझाच पत्ता दिलाय. कृपा करून त्यांच्यावर ओरडू नकोस. माझी बढती त्यांच्या हातात आहे.

तुझा,
एत्तोरे

मोंतेसोल्वो, ११ जून

चि. एत्तोरेस अनेक आशीर्वाद.

तुझा हेर पोचला. माणूस गोड आहे, पण हावरट. पहिल्याच दिवशी तीन डोंगर चढला आणि प्रत्येक गावात विचारत सुटला, चांगलं जेवण कुठे मिळेल म्हणून. प्रत्येक गावाने सांगितलं, कुठेही जेवा, फक्त समोरच्या डोंगरावर नको. बिचारा उपाशी परत आला. आपल्याकडचा बिनमिठाचा पाव अर्धा संपवल्यावर हळूच म्हणाला, मीठ घालायचं राहिलं का? मी ओरडले नाही. नुसतं बघितलं.

बोटांचं म्हणशील तर ती जागच्या जागी आहेत. काल चार किलो पिठाची पिची झाली. मिरेल्लाला सांग, पडद्यांची एवढी घाई नको होती. काळजी कमी कर, लोभ तेवढा राहू दे.

तुझी आई

मिलानो, १९ जून

ती. आईस, सा. न. वि. वि.

साहेब आले. सगळ्या ऑफिसला तळहातावरचे फोड दाखवत फिरताहेत. चार दिवस सकाळी सहापासून त्यांनी पिची वळली, बाईंनी शेंगा सोलल्या, भांडी पुसली. आयुष्यात अशी सुट्टी झाली नाही म्हणतात! सप्टेंबरात मेव्हण्यालाही आणणार आहेत. आणि तू खुर्चीत बसून, हात ॲप्रनखाली घालून, त्यांना गाढव म्हणालीस, हे त्यांनी फार अभिमानाने सांगितलं.

आई, तुझं पत्रही त्यांच्या बाईंच्याच अक्षरात होतं. नाताळाच्या कार्डांवर दरवर्षी बघतो मी ते अक्षर. मला खोटं का सांगितलंस? २९ तारखेला, रविवारी, गाडी घेऊन येतो. सामान बांधून ठेव. भांडायला आता माझ्यात बळ नाही, मला तुझ्याबद्दल भीती वाटते.

एत्तोरे

मोंतेसोल्वो, २४ जून

चि. एत्तोरेस अनेक आशीर्वाद.

हे पत्र या आठवड्याच्या पाहुण्या, बोलोन्याच्या प्राध्यापक बाई, लिहून घेताहेत. मधेमधे माझी भाषा सुधारायला बघतात. आपल्या पिचीत अंडं नसतं हे बघून, अंड्याशिवाय पास्ता कसला, असंही म्हणत होत्या. आता म्हणत नाहीत.

हो, बोटं मिटत नाहीत. ईस्टरपासून स्वतःची बटणंही लावता येत नाहीत मला. पण जीभ शाबूत आहे, आणि या घराला तेवढी पुरते. शहरातली माणसं इथे येतात ती नुसतं बसून बसून विटलेली. मी त्यांना सांगते, पाहुण्याने आपली पिची आपण वळायची, ही आमची जुनी रीत आहे. देव मला क्षमा करो, रीत तीन महिन्यांची आहे. समोरच्या डोंगरावरचे आत्ताच म्हणायला लागलेत की ती मुळात त्यांची.

तुझ्या मिलानोत मी कोणाला ओरडू? मिरेल्ला पाकिटातला पास्ता उकडून माझ्यापुढे ठेवेल, मी आभार मानेन. रोज आभार मानत जगायचं, याची मला मरणापेक्षा जास्त धास्ती वाटते.

ईस्टरला तू हसत म्हणालास, आई, यंदा पिची फारच जाड झाली. मी आत जाऊन रडले. म्हणून खोटं बोलले.

रविवारी ये, पण गाडीत माझं सामान येणार नाही. आणि मुलगा म्हणून येऊ नकोस. मुलगा आला की मला उठून त्याला करून वाढावंसं वाटतं, आणि ते आता होत नाही. पाहुणा म्हणून ये.

तुझी आई