बाबांच्या डोक्यातला घोडा

मिरकरवाडा, रत्नागिरी
१२ जानेवारी २०२५

प्रिय दीपकदादा,

साष्टांग नमस्कार. मुंद्र्याला थंडी कशी आहे? टगबोटीवर वारा झोंबत असेल, मफलर बांधत जा. इकडे सगळं ठीक आहे. आईचा गुडघा तसाच आहे. माझ्या बीएस्सीच्या सर्टिफिकेटला तिने फ्रेम केली आणि आता वर हारही घातलाय. मी म्हटलं, "आई, हार मेलेल्या माणसांच्या फोटोला घालतात." तर म्हणते, "मग? तुझा शिक्षण संपला ना!" मी सध्या एसटी स्टँडजवळच्या रक्त तपासायच्या लॅबमध्ये जाते. सुया टोचते. लोक मला मॅडम म्हणतात आणि आई ते वाडीभर सांगते.

फोनवर बाबांचं नाव निघालं की तुझी रेंज जाते. कागदाला रेंज लागत नाही, म्हणून पत्र लिहायला घेतलं. घाबरू नकोस, त्या नारळी पौर्णिमेबद्दल मी काही लिहिणार नाही.

बाबांचं विसरणं वाढलंय. होडी बाबूला दिल्यापासून ते पडवीत खुर्चीवर बसून असतात. सकाळी बसतात ते दुपारी आई हाताला धरून जेवायला उठवते तेव्हाच उठतात. जेवल्यावर थोड्या वेळाने विचारतात, "कमळे, आज जेवायला नाय काय?" गेल्या महिन्यात बाबू बांगडे घेऊन आला. इतकी वर्षं बाबा होडीचे तांडेल आणि तो त्यांच्या हाताखालचा खलाशी. बाबांनी त्याला विचारलं, "तू कोनाचा रे?" बाबू हसला, "तुमचाच की तांडेल," म्हणाला. मग मागच्या दारी जाऊन तोंड धुऊन आला. तोंड कशाला धुतलं ते मी विचारलं नाही.

डॉक्टरांनी तपासण्या करून घेतल्या. साखर वाढलेली, मेंदूला रक्त कमी पोचतंय, आणि त्यात हे बसून राहणं. गोळ्या दिल्या आणि म्हणाले, रोज चालवा. मी ते कॉलेजच्या मॅडमना जाऊन विचारलं. दादा, तुला सांगते, मी त्यांच्या घरून पळतच आले! मेंदूत आठवणी साठवायला मदत करणारा एक छोटा भाग असतो. त्याचा आकार समुद्रघोड्यासारखा, म्हणून त्याचं नावही शास्त्रज्ञांनी तेच ठेवलंय. पिंजऱ्यातल्या उंदरांना पळायला चाक दिलं तर त्यांच्या या भागात नवीन पेशी जास्त तयार होतात आणि ते वाटा जास्त चांगल्या लक्षात ठेवतात. माणसांत तशा पेशी म्हातारपणी होतात की नाही यावर अजून वाद चाललाय. पण नियमित भरभर चालणाऱ्या वयस्कर लोकांचा हा भाग आक्रसायच्या ऐवजी थोडा वाढलेला एका अभ्यासात दिसलाय. वाढलेला, दादा! आणि आपण बाबांना खुर्चीत बसवून ठेवलंय.

मी बाबांना तसंच सांगितलं.

"माज्या डोक्यात घोडा हाय?"

"सगळ्यांच्याच असतो, बाबा."

"जाळ्यात यायचे ते. मी परत पान्यात सोडायचो. फार बारीक जीव गो, बाय." मग म्हणाले, "बसून बसून मेला असंल तो."

उद्यापासून आम्ही किल्ल्याचा चढ चढणार आहोत. भगवतीच्या देवळापर्यंत. उत्तर नाही दिलंस तरी चालेल. वाच मात्र.

तुझी,
अकू


मिरकरवाडा
२० एप्रिल २०२५

प्रिय दादा,

नमस्कार. कुरिअर पोचलं. खोक्यावर तुझं नाव नाही, आत चिठ्ठी नाही, नुसते बूट. पण बाबांच्या पायाच्या मापाचे बूट वाडीतलं कोणी कुरिअरने पाठवणार नाही, एवढं मला कळतं. पांढरे आणि वर निळा पट्टा. बाबांनी जन्मात बूट घातले नव्हते. पहिल्या दिवशी ते पाय उचलून उचलून टाकत होते, खेकडा चालल्यासारखे. बंदराच्या नाक्यावर सोनूबाई मासळीची पाटी घेऊन बसली होती. ओरडली, "काय तांडेल, पोलीस भरतीला चाल्लाव काय?" बाबा म्हणाले, "तुला धरायला येतंय." आख्खा नाका हसला. दादा, किती दिवसांनी त्यांनी कोणाला उलट उत्तर दिलं!

चढ सोपा नाही. सुरुवातीला पहिल्या वळणावरच ते बसायचे आणि "घरी चल" म्हणायचे. आता दम लागतो, पण थांबत नाहीत. मी मुद्दाम भरभर चालते, कारण रमतगमत चालून उपयोग नाही असं मॅडम म्हणाल्या होत्या. बाबूला ओळखतात. परवा त्याला नावाने हाक मारून विचारलं, "बाबू, इंजिनातला आवाज गेला काय रे?" बाबू माझ्याकडे बघतच राहिला. आज भांगाची लहान भरती आहे की उधाणाची मोठी, हे ते पुन्हा तिथी बघून सांगतात आणि बरोबर सांगतात. जेवण झाल्याचं लक्षात असतं, वर कालवणात मीठ जास्त होतं हेही लक्षात असतं. आई म्हणते, ह्यापेक्षा विसरायचे ते बरं.

गोळ्यांनी झालं की चालण्याने, हे मला सिद्ध करता येणार नाही. एका माणसावर प्रयोग होत नसतो. पण मी लॅबमध्ये बसून सारखी एकच गोष्ट डोळ्यांसमोर आणते: तो बारीक जीव शेपटी गुंडाळून बसलाय आणि हळूहळू हलायला लागलाय.

बूट कोणी दिले म्हणून बाबांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "अकूनं आणले."

आईचं आणि माझं थोडं वाजलंय. ती म्हणते, आता बस झालं चालणं, ऊन वाढलंय. ऊन हे कारण नाही, दादा. आपण उन्हाची माणसं आहोत का? खरं कारण मला माहीत आहे, पण ते मी आत्ता लिहीत नाही. लिहिलं तर हेही पत्र तू अर्धं वाचून ठेवशील.

पाय ठेवायला घर आहे, एवढं लक्षात असू दे.

तुझी,
अकू


मिरकरवाडा
२० जुलै २०२५

प्रिय दादा,

नमस्कार. आई बरी आहे. पाऊस आहे. होड्या वर ओढून ताडपत्रीखाली ठेवल्यात, बाबू रंगाचे डबे आणतोय. झाली ख्यालीखुशाली.

आता ज्याच्याबद्दल लिहिणार नाही म्हटलं होतं, त्याच्याबद्दल लिहिते.

बाबा सगळंच विसरायला लागले तेव्हा तेही विसरले होते. म्हणजे नारळी पौर्णिमेचा तो दिवस. त्यांच्या लेखी तू कधी गेलाच नव्हतास. रोज दुपारी ताटावर विचारायचे, "दीपक नाय आला जेवायला?" आणि आई सांगायची, "बंदरावर ग्येलाय, येल इतक्यात." ते मान डोलवायचे आणि जेवायचे. किती महिने हे असं चाललं होतं, तुला मी सांगितलं नाही. काय सांगणार होते? की ज्यांनी तुला घालवलं त्यांना ते माहीतच नाही?

म्हणूनच आई मला अडवत होती. एप्रिलात तिने चुलीपाशी मला बसवून सांगितलं, "त्यांना नको नेव. विसरलेत ता बरा झाला. पोरगा बंदरावर हाय म्हटला की दोन घास जास्त जेवतात. तू एकेक आठवन वर काढतंस. ती पन वर येल. मग काय करशील?"

मी म्हटलं, "आई, खोट्यावर माणूस बरा राहत नाही." मी शिकलेली ना. मला वाटलं, आठवणी म्हणजे आपण होडीवर भरतो तसा माल आहे, हवा तो घ्यायचा. पण जाळं टाकल्यावर काय येईल ते कुठे आपल्या हातात असतं? नवीन पेशी वाढल्या तर माणूस आधी काय आठवेल, हे मॅडमनाही सांगता आलं नसतं.

जूनच्या शेवटी एका सकाळी पाऊस उघडला होता. आम्ही वर पोचलो. बाबा कठड्याशी उभे राहून खाली बंदराकडे बघत होते. आपल्या होडीवरची ताडपत्री वाऱ्याने उडाली होती, हिरवा रंग दिसत होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाले,

"त्या दिवशी नारल मी त्याच्या हातातून काढला. ना गो?"

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"सगळा बंदर बघत होता. तू पन होतीस."

"होते, बाबा."

होते मी. आपल्या घरात नारळ तांडेलाच्या थोरल्या मुलाच्या हातून दर्यात जातो. तुझ्या हातात तो सोनेरी कागदाचा नारळ होता आणि तू पाण्यात गुडघ्यापर्यंत उतरला होतास. सरल्या हंगामात तू रात्री दिवे लावून पिल्लांसकट मासळी ओढणाऱ्या लाइटवाल्या बोटीवर गेला होतास हे त्यांना आदल्या दिवशी कळलं होतं. "ज्या हातानं दर्या ओरबाडलास त्या हातानं नारल नको," असं म्हणून त्यांनी तो काढून बाबूला दिला. बाबू बिचारा नको नको म्हणत होता. तू तसाच ओल्या पँटने घरी गेलास, बॅग भरलीस. मला ते रोज आठवतं. पण बाबांच्या तोंडून ऐकेन असं कधी वाटलं नव्हतं.

ते तिथल्या दगडावर बसले. पायांकडे बघत होते. "हे तू नाय आनलेस," म्हणाले. मी नाही म्हटलं. त्यांनी वाकून दोन्ही बूट काढले, नाडीला नाडी बांधून गळ्यात टाकले आणि चिखलातून अनवाणी खाली उतरले. वाटेत सोनूबाई होती. तिने पाटी बाजूला ओढून त्यांना वाट दिली.

नंतर ते चालायला आले नाहीत. पडवीत, त्याच खुर्चीत. ताटावर तुझं नाव काढत नव्हते, दादा. आईने एकदा सवयीने म्हटलं, "दीपक बंदरावर..." तर ते म्हणाले, "गप ऱ्हव कमळे. त्याला मी घालवलाय." आई आत गेली. मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं. ते दिवस मी लॅबमध्ये लोकांच्या नसा चुकत होते. एका आजोबांना दोनदा टोचलं. सारखं वाटत होतं, कोणी सांगितलं होतं मला? सुखात विसरत चाललेल्या माणसाला डोंगर चढवून मी काय दिलं? एक दुःख, तेही त्याचं स्वतःचंच.

मग एका पहाटे आई मला उठवायला आली. "बाहेर बघ."

बाबा पायरीवर बसले होते. बूट घातलेले होते, नाड्या मात्र एकमेकांत अडकल्या होत्या. छत्री हातात.

"चल," म्हणाले.

"पाऊस आहे, बाबा."

"असू दे. घोडा बसला तर परत झोपंल. मला आता ह्या इसरायचा नाय." मग माझ्यासमोर पाय पुढे केले, नाड्या सोडवायला. "त्याला सांगीपर्यंत तरी इसरायचा नाय."

तेव्हापासून आम्ही पावसातही जातो. चढावर त्यांना धाप लागते, पण मध्येच ते म्हणतात, "इचार." मी विचारते, "नारळ कोणी काढला?" ते म्हणतात, "मी." "कोणाच्या हातातून?" "माज्या पोराच्या." एवढंच. मग पुन्हा चालायला लागतात. एकदा उत्तर यायला उशीर झाला. मी थांबले, तेही थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर जी भीती होती ती मी वादळातून होडी आली तेव्हाही त्यांच्या चेहऱ्यावर बघितली नव्हती. मग आठवलं त्यांना. मी मान वळवली.

काल डॉक्टरांना मी सरळ विचारलं. ते म्हणाले, सुधारणा चांगली आहे, चालणं सोडू नका, पण हा आजार मागे जात नसतो. त्याचा वेग आपण कमी करतो. किती काळ, हे ते सांगत नाहीत आणि मीही खोटं लिहिणार नाही.

तू त्यांना माफ कर असं मी म्हणत नाही. ते तुझं तू ठरव. पण माफी मागणाऱ्याला आपण काय केलं ते ठाऊक असलं पाहिजे. आज त्यांना ठाऊक आहे. आणि ते टिकवायला एक म्हातारा माणूस रोज चिखलातून किल्ला चढतोय. उद्या तू आलास आणि त्यांनी तुला हसून विचारलं, "काय रे, बंदरावर एवढा उशीर?" तर तू कोणाशी भांडशील? कोणाला जवळ घेशील?

नारळी पौर्णिमा यंदा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातच आहे. होडी आता बाबूची आहे, पण तो परवा येऊन सांगून गेला, "नारल तांडेलांच्या घरातलाच हात सोडंल. माजा नाय. मागच्या वेळचा वजन अजून माज्या हाताला हाय." आईने तुझी जुनी चादर धुऊन पावसात कुठे वाळवायची म्हणून अख्ख्या घरात दोऱ्या बांधल्यात. त्यांच्याखालून वाकून वाकून आम्ही वावरतोय.

पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, खाली जागा सोड. मी सोडलीय. लिहिताना ते मध्ये एकदा अडले, पण मी सुचवलं नाही.

तुझी वाट दोघांच्या वतीने बघणारी,
अकू

दीपक
नारल मी काढला. मला म्हाईत हाय.
बूट बसतात.
बाबा